एका खुर्चीची खोली

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (नसेल थांबला तर त्यांना इकडे आणू नकोस. या घरात खोकायला बंदी झाली आहे.) मी ठणठणीत आहे, फक्त डोकं फिरलं आहे.

लेकीच्या लग्नानंतर रिकामी झालेली खोली तुझ्या मेहुण्यांनी रेकॉर्ड ऐकण्यासाठी घ्यायची ठरवली, तेव्हा मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लग्न झाल्यापासून आम्ही संध्याकाळी शेजारी शेजारी बसून गाणी ऐकत आलो. एक स्पीकर फ्रिजवर आणि दुसरा कपाटाआड असायचा, तरी गाणं आमच्यापर्यंत बरोबर पोहोचायचं. पण निवृत्त माणसाला सुखाने काही करता येत नाही. त्यांनी खोलीतल्या आवाजाचा एक तज्ज्ञ गाठला. हा गृहस्थ आला, त्याने चारी कोपऱ्यांत उभं राहून टाळ्या वाजवल्या, मान तिरकी करून ऐकलं आणि डॉक्टरसारख्या चेहऱ्याने म्हणाला, "खोली घुमते." (मी त्याला टाळीवाले म्हणते. तोंडावर नाही, पण म्हणेन लवकरच.)

तेव्हापासून घरात शांतता नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून बाहेर. माझी विणकामाची टोपली पोकळ, म्हणून तीही बाहेर. जाड आवाज कोपऱ्यात साचतो म्हणे, जसं काही छप्पर गळतंय, आणि तो शोषून घ्यायला पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या आहेत. तू आलीस तर उभ्यानेच झोप.

परवा तर कहर झाला. भिंतीवर आवाज कुठे आपटतो ते शोधायला आरसा लागतो. हे खुर्चीत बसले आणि मी आरसा छातीशी धरून भिंतीलगत खेकड्यासारखी सरकत होते. ज्या जागी यांना आरशात स्पीकर दिसेल तिथे खूण करायची. हात भरून आले तेव्हा म्हटलं, "अहो, मी बसते जरा, तुम्ही धरा."

"अगं, तुझी उंची कमी. तुझ्या कानाने माप चुकेल."

मग माझ्या लक्षात आलं की खोलीत खुर्ची एकच आहे. तिच्याखाली जमिनीवर चिकटपट्टीची फुली. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा त्रिकोण.

"आणि मी कुठे बसायचं?"

"त्रिकोणाला टोकं तीनच असतात गं. तू मी नसताना बस की!"

मी नसताना बस! ताई, आमच्या वयात असली वाक्यं जपून बोलावीत. ज्या माणसाशेजारी बसायला मिळावं म्हणून मी गाणं ऐकायला लागले, तो मला ही सवलत देतो! आपल्या शाळेत सिस्टर ग्रामोफोन लावायच्या तेव्हा अख्खा वर्ग एका भोंग्यापुढे दाटीवाटीने बसायचा. तुझी वेणी माझ्या तोंडात, कुणाचं कोपर माझ्या बरगडीत. कुणाचा कुठे त्रिकोण चुकला होता? मला तर ते सूर अजून आठवतात, कोपरासकट.

मी आरसा तिथेच ठेवला (आपटला म्हण) आणि सांगून टाकलं की या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही. माझा निश्चय पक्का आहे. समजूत घालू नकोस.

तुझी संतापलेली,
धाकटी

ता. क. आईचा दोघांनी बसायचा सोफा तुझ्या व्हरांड्यात पडून आहे ना? तो या आठवड्यातच टेम्पोत घालून पाठव. पुढच्या आठवड्यात खोलीला नवं जाड दार बसणार, मग तो आत जायचा नाही. यांना कळवू नकोस. डावीकडची स्प्रिंग टोचते ती दुरुस्त करू नकोस. ती बाजू त्यांची.

आणखी एक. हे बाजारात गेले असताना मी माप घेऊन पाहिलं. फुली बरोबर सोफ्याच्या मधोमध येते, म्हणजे दोघांचीही जागा चुकणार. त्यांना डावा स्पीकर जास्त ऐकू येईल, मला उजवा. राहिलेलं एकमेकांना विचारून घेऊ.