फोटोतल्या माणसाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ

मान अजून आखडलेली आहे. नात रुचा मेंदूचा अभ्यास करते, म्हणून आज तिच्या मशीनमध्ये झोपली. आत नुसती ठकठक. डोळ्यांपुढे घरच्यांचे फोटो येतील, मले फक्त नावं सांगायची. सगळ्यांची सांगितली. ह्यांचा फोटो तीनदा आला, तीनदा मी गप्प.

बाहेर आली तर पोरगी रडून राहिली. "आजी, तुले आजोबा आठवत नाही का वं?"

"पाण्याचा गिलासही कधी हातानं घेतला नाही त्या माणसानं, विसरीन कशी? पण नवऱ्याचं नाव म्या आजवर घेतलं नाही, ते तुझ्या डब्यात घेऊ?"

ती हसली नाही. आधी ह्याच मशीनमध्ये झोपलेल्या उमरेडच्या दोन म्हाताऱ्याही नवऱ्याच्या फोटोले गप्पच राहिल्या होत्या म्हणे. हिनं त्यांच्या कागदावर 'विसर पडतो' लिहिलं, अन् तेव्हापासून घरचे त्यांले गॅसजवळ जाऊ देत नाहीत.

म्या म्हटलं, "हा तुझा कोण, असं विचारायचं होतं. एवढं शिकून हे काहून सुचलं नाही?"

आता जेवण सोडून उमरेडले फोन लावून राहिली. घरचे ऐकतील का, कोण जाणे. सासू एकदा येडी ठरली की सुनांले सोयीचंच असते.