बुधवारची बस आणि तिचा अध्यक्ष

२ सप्टेंबर, सोमवार
गावच्या हॉलमध्ये सभा. आमच्या लो आस्क्रोहून थॉर्नबेकच्या बाजाराला आठवड्यातून एकदा, बुधवारी, बस जाते. कौंटीवाले, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणारे, म्हणतात, तीही रिकामी धावते. एखाद्या बुधवारी न सांगता माणूस पाठवून डोकी मोजणार आणि मग काय ते ठरवणार. 'बस वाचवा' समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली. (त्या क्षणी बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, पण एकमत ते एकमत.)

भाषण फर्डं झालं. विनीबाई सॉवरबींना रडूच आलं. त्यांचे अ‍ॅलेक थॉर्नबेकच्या वृद्धाश्रमात असतात. साल विसरले, स्वतःचं आडनाव विसरले, पण बुधवारी हिरवी बस कोपऱ्यावर वळली की उठतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि म्हणतात, आली माझी बायको. बाईंना गाडी चालवता येत नाही. बस गेली तर सगळंच गेलं.

संकल्प: येत्या बुधवारपासून बाजाराला बसनेच जायचं. पेन्शनरचा फुकट पास पाकिटात कोरा करकरीत पडलाय. हिलरीला सांगितलं. ती म्हणाली, मग गाडी विकायची का? माझ्या या बायकोला प्रत्येक गोष्टीचं टोक गाठायची सवय.

४ सप्टेंबर, बुधवार
आज बसने गेलो नाही. नाइलाज. बस वाचवायची पोस्टर्स थॉर्नबेकच्या छापखान्यातून आणायची होती. गठ्ठा जड. बसमध्ये इतरांची अडचण झाली असती.

चढणीवर बसला ओव्हरटेक केलं. खिडकीतून विनीबाईंनी हात हलवला. मी नेमका तेव्हा रेडिओ नीट करायला खाली वाकलो होतो. बराच वेळ वाकलो होतो. कुंपण थोडक्यात वाचलं.

रात्री जेवणानंतर हिलरीचं सफरचंदाचं क्रम्बल खाल्लं नाही. मन खात होतं. (नंतर थोडं खाल्लं. कस्टर्ड वाया गेलं असतं.)

११ सप्टेंबर, बुधवार
पाऊस. अध्यक्षच आजारी पडला तर चळवळीचं काय? गाडी नेली. पण लाज म्हणून चर्चच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी लावली.

बाजारात समोरून विनीबाई. चीजवाल्याच्या आड उभा राहिलो. फुकट किती वेळ उभं राहणार, म्हणून चीज घेतलं. तरी बाईंनी गाठलंच. म्हणाल्या, रोलंड, बसमध्ये दिसला नाहीत? मी म्हणालो, मागे बसलो होतो. एवढीशी ती बस, तिला मागचं-पुढचं असं फारसं नाहीच. बाई म्हणाल्या, हो का, माझंच लक्ष नसेल.

आमच्या भागात शेजाऱ्याला खोटं पाडण्यापेक्षा माणसं स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात. त्यापेक्षा बाईंनी छत्री हाणली असती तर बरं वाटलं असतं.

१४ सप्टेंबर, शनिवार
दिवसभर प्रत्येक स्टॉपवर पोस्टर्स चिकटवली. गाडीने, कारण त्या रस्त्यावर शनिवारी बस नाही. पोस्टरवर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'मी बसने जातो. तुम्ही?' फोटोत मी करारी दिसतो. हिलरीच्या मते पोटात कळ आल्यासारखा.

ड्रायव्हर कीथ सायकलवरून जाताना थांबला. तो लहानथोर सगळ्यांना राजा म्हणतो. म्हणाला, पोस्टर झकास आहे राजा, बसच्या मागच्या काचेला एक लावतो, पण पोस्टर काय सीटवर बसत नाही. अडाणी विनोद. मनाला लागला.

१८ सप्टेंबर, बुधवार
आज गेलो! म्हणजे स्टॉपपर्यंत. विनीबाई सर्दीने घरी, मी एकटाच. आमच्याकडे बस आपणहून थांबत नाही, हात बाहेर काढावा लागतो. अध्यक्षाने रस्त्यावर हात नाचवायचे? मी मान हलवली. कीथनेही मान हलवली आणि भुर्रकन निघून गेला. त्याला वाटलं, मी पोस्टर तपासतोय.

घरी येऊन गाडी काढली. चढणीवर बसला ओव्हरटेक केलं.

२५ सप्टेंबर, बुधवार
गेलो नाही. कारण लिहायचा कंटाळा आला. हे फार झालं, रोलंड. काहीतरी प्रायश्चित्त घ्यायलाच हवं.

२ ऑक्टोबर, बुधवार
घेतलं!

दाताच्या डॉक्टरची वेळ होती म्हणून गाडी. पाऊस मी म्हणत होता. बघतो तर स्टॉपवर विनीबाई, मेटकाफ बहिणी आणि म्हातारे मिस्टर ड्रिंकल, चौघं भिजत उभे. एरवी तिथे विनीबाई सोडून कुत्रं नसतं. गाडी थांबवली, म्हणालो, चला, सोडतो. चौघंही म्हणाले, छे छे, तुम्हाला कशाला त्रास. पुन्हा म्हणालो. म्हणाले, तुमचा वेळ जाईल. तिसऱ्यांदा दार उघडून धरलं. आमच्याकडे तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे भांडण. विनीबाई म्हणाल्या, अहो, पण आज आम्ही मुद्दाम... मी म्हणालो, बसा हो, कसलं मुद्दाम! बसले.

वाटेत काच पुसायला थांबलो तेवढ्यात बस पुढे गेली, मग चढणीवर तिला ओव्हरटेक केलं. ड्रिंकल सारखे मागे वळून बसकडे बघत होते. बाईंना थेट वृद्धाश्रमाच्या दाराशी सोडलं. अ‍ॅलेक खिडकीत होते. उठले नाहीत, आमच्याकडे पाहिलंही नाही. काचेवर वाफ धरली असणार.

इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. क्रम्बल दोनदा घेतलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी दारात कीथ. राजा म्हणाला नाही. तिथेच मला शंका आली.

डोकी मोजणारा माणूस काल बसमध्ये होता. डेपोतल्या मैत्रिणीकडून कीथला आधीच कुणकुण लागली होती, म्हणून त्यानेच विनीबाईंना सांगून ठेवलं होतं की उद्या जमतील तेवढ्यांना घेऊन उभ्या राहा. बाईंनी मेटकाफ बहिणींचं संधिवाताचं दुखणं आणि ड्रिंकलांचं हट्टी ढुंगण खुर्चीतून हलवून तिघांना स्टॉपवर आणलं होतं. बस आली तेव्हा स्टॉपवर मी. म्हणजे पोस्टरवरचा.

त्या माणसाने कीथला विचारलं म्हणे, मागच्या काचेवर हे कोण? कीथ म्हणाला, आमचे अध्यक्ष. तो म्हणाला, मग आहेत कुठे? कीथ म्हणाला, आत्ताच आपल्याला ओव्हरटेक करून गेले.

हिलरीला सांगितलं. ती नुसती चहा ठेवायला उठली. म्हणजे फारच गंभीर.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
बस महिनाअखेर बंद. विनीबाईंकडे गेलो. म्हणालो, चूक झाली, माझ्यामुळे झाली. बाई म्हणाल्या, छे हो, पाऊस किती होता. मग त्यांनी केक कापला.

म्हणालो, यापुढे दर बुधवारी मी नेईन. छे छे म्हणाल्या. तीनदा म्हणालो.

३० ऑक्टोबर, बुधवार
शेवटची बस. शेवटी एकदाचा बसलो! बसलो म्हणजे उभा होतो. अख्खं गाव निरोप द्यायला आलेलं, पाय ठेवायला जागा नाही. कौंटीच्या माणसाने आज मोजायला हवं होतं.

तीस वर्षं या रस्त्याने जातोय. गाडीतून फक्त दगडी भिंती दिसतात. बस उंच. भिंतींच्या पलीकडे चक्क नदी आहे! मोडक्या मठाची कमान आहे, तिच्याखाली मेंढ्या चरतात. विनीबाईंना प्रत्येक शेताचं नाव ठाऊक. एका फाटकाशी म्हणाल्या, इथे अ‍ॅलेकने मला पहिल्यांदा लग्नाचं विचारलं, मी नाही म्हटलं, तर पुढच्या फाटकाशी पुन्हा विचारलं.

वृद्धाश्रमाचा कोपरा आला. खिडकीत टोपी चढली. अख्ख्या बसने हात हलवले. मीही. वाकलो नाही.

उतरताना कीथला थँक्यू म्हणालो, आमच्याकडे सगळे म्हणतात तसं. मी पहिल्यांदाच. तो म्हणाला, सावकाश उतर राजा.

६ नोव्हेंबर, बुधवार
विनीबाईंना गाडीने नेलं. त्यांनी आग्रह केला म्हणून आतही गेलो. अ‍ॅलेक खिडकीत, टोपी हातात, नजर कोपऱ्यावर. बाई शेजारी बसल्या, हात हातात घेतला. अ‍ॅलेकने तो सभ्यपणे सोडवून घेतला आणि म्हणाले, माफ करा बाई, या खुर्चीवर माझी बायको बसते. बसने येते ती. येईलच एवढ्यात.

बाई उठल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. आम्ही तिघं कोपऱ्याकडे बघत राहिलो.

येताना मला म्हणाल्या, तुमची गाडी खूप आरामशीर आहे हो, रोलंड.

घरी आल्यावर हिलरीला म्हणालो, तू म्हणत होतीस तेच बरोबर, गाडी विकून टाकू. ती म्हणाली, मग विनीला कोण नेणार?

पेट्रोल भरून आलो.