रेघ नसलेला चौकोन

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज हिल्केचा आराखडा उघडला. शेजारच्या टेबलावर बसायचा. एप्रिलमध्ये वारला, त्यानंतर कोणी हात लावला नव्हता.

आमच्या पाणीमंडळाचं, म्हणजे कालवे-पंप सांभाळणाऱ्या कचेरीचं, कुठलं काम कुठल्या यंत्रणेवर उभं आहे, हे सगळं त्याने चौकोनांनी आणि रेघांनी मांडून ठेवलंय. सॉफ्टवेअरचा करार महिनाअखेर संपतो. मग ही चित्रं उघडणार नाहीत. त्याआधी मी ती मजकुरात उतरवायची — हे त्याला जोडलेलं, ते ह्याला, ओळीखाली ओळ. ओळी वाचून संगणक चित्र काढील. आपल्या मनाने.

त्याचं कपाट आवरायला घेतल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पहिला एक्स्पोर्ट. रेघा सगळ्या आल्या. जागा एकही नाही. हिल्के समुद्राकडची पंपगृहं वर ठेवायचा, सखल गावं खाली. संगणकाने नायेविल गाव उचलून समुद्राच्याही वर ठेवलं. औके — आमचा प्रमुख — म्हणाला, चला, तिथल्या लोकांचं कल्याण झालं. आम्ही हसलो. खोलीत एक हसू कमी पडलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ज्या चौकोनाला एकही रेघ नाही त्याला आम्ही अनाथ म्हणतो. अनाथ म्हणजे कोणाच्या कामाचा नाही. महिनाअखेर ती यंत्रणाच बंद.

आज अनाथांत नायेविलची पूरसूचना निघाली. कालव्याचं पाणी चढलं की ती यंत्रणा पंपगृहावरच्या फोप्पेला आपोआप फोन करते. मग तो जाऊन डिझेलचा जुना पंप हाताने चालू करतो. फोन गेला नाही तर फोप्पे घरात बसून राहील आणि गाव पाण्यात जाईल.

औके ऐकेना. रेघ नाही म्हणजे वापर नाही, अंदाजाने रेघा ओढायच्या तर आराखडा हवाच कशाला? वर म्हणाला, हिल्के विसरला असेल.

हिल्के विसरत नसे.

रविवार, १० नोव्हेंबर

बाजारात हिल्केची बायको दिसली. मी दुसऱ्या गल्लीने गेले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सापडलं. जुन्या चित्रात पूरसूचनेचा चौकोन पंपगृहाच्या चौकोनाच्या आत ठेवलेला आहे. बघणाऱ्याला वाटतं — हे त्याचंच. पण नुसतं आत ठेवलेलं सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याला रेघ लागते. एक्स्पोर्टने रेघा तेवढ्या वाचल्या, आणि आतलं बाहेर फेकलं गेलं.

ही चूक आम्ही सगळेच करतो. मी तर कितीदा. पण मला शिकवलं त्यानेच. "आत ठेवलंस तरी रेघ ओढ, यिल्दौ. आणि खरी असेल तरच ओढ."

मग त्याने का नाही ओढली?

बुधवार, १३ नोव्हेंबर

औकेचा वाढदिवस. रिवाजाप्रमाणे केक त्यानेच आणला, गुलाबी साखरेचा ओरन्येकुक. हातात बशी धरून मी वाद घातला. बाकीचे खिडकीकडे सरकले. शेवटी तो म्हणाला, "ओढ बाई तुझी रेघ. पण नाव तुझं घाल खाली. उद्या माझ्याकडे यायचं नाही."

एक ओळ लिहिली. पूरसूचना → नायेविल पंपगृह. संगणकाची तपासणी हिरवी. फोन बंद होणार नाही.

बरं वाटायला हवं होतं. त्या ओळीकडे बघवत नाही. मेलेल्याचा हात धरून सही करून घेतल्यासारखी दिसते.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काही नाही. वाचायला बसले, पान उलटलं नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उद्या हंगामातलं पहिलं वादळ. वारा वायव्येचा — म्हणजे पाणी चढणार. असो. रेघ आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तरी खात्री करून घ्यावी म्हणून दुपारी ऑफिसच्या फोनवरून फोप्पेला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "बोल, हिल्के. किती चढलं?"

"मी यिल्दौ," म्हणाले.

माफ करा, म्हणाला. या नंबरवरून दुसरं कोणी कधी बोललंच नाही. पूरसूचना बसवली त्या पहिल्याच हिवाळ्यात बिघडली, दुरुस्त कोणी केली नाही. तेव्हापासून हिल्के स्वतः आकडे बघायचा आणि फोन करायचा. प्रत्येक वादळात. रेघ खरी नव्हतीच, म्हणून त्याने ओढली नव्हती. तो गेल्यावर फोप्पेने गृहीत धरलं, त्याच्या जागी कोणीतरी नेमलं असणार.

"कोण आहे आता?" त्याने विचारलं.

"मी," म्हणाले.