चाकाला चिकटलेली माती

राजापेठ, अमरावती
११ नोव्हेंबर २०२५

तनवीरभाई,
सलाम. अम्मीची शुगर आता बरी असेल.

काल आमचा यंत्र-मुंगळा भातकुलीच्या कपाशीतून बरोबर आपल्या पेटीपाशी परतला. माझ्या गाइड पौर्णिमा मॅडमनी स्वतः टेप लावला. चूक एक वीत. मॅडम खूश आहेत. मीही असेन.

तुम्ही विचारलं होतं, हे खेळणं करतं काय. वाळवंटातली मुंगी अन्न शोधत वेडीवाकडी भटकते, पण पावलं आणि वळणं ध्यानात ठेवते. दाणा मिळाला की सरळ बिळाकडे. आमचं यंत्र चाकाचे फेरे मोजतं आणि किडकं बोंड सापडलं की परततं. सात ऑक्टोबरला मात्र ते पेटी ओलांडून थेट धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत गेलं. तीनदा. मी गणित तपासत बसले. शेतमालक भगवंतराव हसत होते.

"बाई, ओली माती चाकाले चिकटते, चाक मोठं होते. एका फेऱ्यात जास्त चालून राहिलं ते. बैलबंडीवाल्याले इचारलं असतं तं सकाळीच सांगतलं असतं!"

आम्ही वर्षभर कॉलेजच्या फरशीवर चाचण्या घेतल्या होत्या.

त्याच दिवशी अब्बा गेले. दुपारच्या जोहरच्या नमाजानंतरचा जनाजा तुम्ही माझ्यासाठी तासभर थांबवला. मी पोचले तेव्हा तुम्ही कब्रस्तानातून परतला होता. खालाजान म्हणाल्या, "एकच बेटी, आणि तिनंच बापाचं तोंड नाही पाहिलं." तुम्ही म्हणालात, "भातकुलीत नेटवर्क नव्हतं, खाला. तिची काय गलती?"

नेटवर्क होतं, भाई. नव्हतं, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं.

अकराला तुमचा पहिला फोन आला. नाव पाहिलं. हा एक फेरा होऊ दे, म्हटलं. मग आणखी एक. चारदा फोन वाजला, चारही वेळा नाव पाहिलं. उचलला एक वाजता. अकराला निघाले असते तर पोचले असते.

तेव्हापासून रडू आलेलं नाही. जेवते, प्रॅक्टिकल घेते, झोपही लागते. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "जाने दे" म्हणाला असता, म्हणून लिहिलं.

शनिवारी अब्बांचा चाळीसावा दिवस. मी शुक्रवारी दुपारी जठारपेठेत घरी पोचेन. हे अम्मीला वाचून दाखवू नका. तिला आणि खालाजानला मीच सांगणार आहे, तुमच्यासमोर. माझं खोटं तुमच्या तोंडून गेलं, ते तसंच राहायला नको. त्यानंतर शनिवारी मला फातेहाच्या दुआला बसू द्यायचं की नाही, ते अम्मी ठरवेल.

अब्बांची,
उज्मा