खंडोबाचे चांदीचे डोळे

प्रिय सरोज,

तुझा ताप पुन्हा आला नाही आणि तू जेवूखाऊ लागली आहेस, असं तुझ्या भावाने कळवलं. बरं वाटलं. क्विनाईनच्या गोळ्या मात्र संपेपर्यंत घे. तू म्हणशील, चार दिवसांनी पत्र आलं आणि त्यातही क्विनाईनच! असू दे. तू नगरला माहेरी गेल्यापासून मला घरात भांडायला कोणी नाही आणि गावात ज्यांच्याशी भांडतो आहे त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. लढाई संपून वर्ष झालं तरी रॉकेलचा पत्ता नाही, म्हणून हे शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहितो आहे. पोरं बाहेर कालवा करताहेत, अक्षर बिघडलं तर चालवून घे.

तुझी बैलगाडी वेशीबाहेर पडली आणि थोड्याच वेळात गावात ओरड झाली. खंडोबाच्या मूर्तीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले होते. सहादेव गुरवाने आदल्या दुपारी पूजा केली तेव्हा ते होते, दिवेलागणीला आरतीच्या वेळी नव्हते. रात्रभर त्याने भीतीने कोणाला सांगितलं नाही आणि सकाळी रडतच पाटलांच्या दारात गेला. लगेच सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. देऊळ कोण झाडतं? रतनबाई. विधवा, एकटी, मागेपुढे कोणी नाही. आणखी काय पाहिजे?

आता ती दुपार आठव. तू तापाने फणफणली होतीस आणि रतनबाई तुझ्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. जेवणवेळेपासून दिवे लागेपर्यंत ती आपल्या घरातून हलली नाही. ताप उतरल्यावर तिच्याच हातून तू पेज प्यायलीस. मधेच तिने कनवटीची पुडी सोडून तुला खंडोबाचा भंडार लावला, तो मी ओल्या फडक्याने पुसून काढला आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. तुझ्या मते तू भंडाराने बरी झालीस, माझ्या मते क्विनाईनने. तो वाद राहू दे. पण ती तिथे होती, यात वाद नाही ना?

मी हेच पंचांना सांगितलं. देवळापुढे सगळा गाव जमला होता. देवळाशेजारच्या उसाचे मालक आप्पासाहेब यांनी त्याआधीच बेलभंडार उचलून शपथ घेतली होती. हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन ते म्हणाले, "रतनबाई दुपारी देवळातनं बाहेर पडताना म्या पाह्यली." सरोज, हा माणूस खोटारडा असता तर मला इतका त्रास झाला नसता. त्यांनी उसाच्या बांधावरून काळ्या लुगड्यातली एक पाठमोरी बाई पाहिली, एवढंच. गावात काळं लुगडं नेसणाऱ्या काय कमी आहेत? सकाळी तेच मला म्हणाले होते, "रतनबाईच असंल, मला वाटतं." पण एकदा भंडार उचलल्यावर 'वाटतं' गेलं आणि 'पाह्यली' आलं. आता माघार घेतली तर देवाची शपथ खोटी पडते. भल्या माणसाची दातखीळ बसली आहे.

मग पुंजाराम पाटील माझ्याकडे वळले. गुरुजी, तुम्हीही भंडार उचला, म्हणाले. मी म्हटलं, मी देव मानत नाही, मी उचललेल्या भंडाराला काय किंमत? माझा शब्द घ्या. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "देव न्हाई म्हनता, मंग लबाड बोलायला तुमाला भ्याव कुनाचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या पोरांना मी इतकी वर्षं शिकवतो आहे, कधी कोणाला फसवलं नाही, आणि तरी माझं खरं बोलणं कोणाच्या तरी धाकाशिवाय खरं ठरत नाही! आणि माझी जीभ मेली आवरत नाही. मी म्हणालो, देवाला डोळे होते तेव्हाच त्याने चोर पाहून ठेवायला हवा होता. झालं. बायकांनी कानांवर हात ठेवले आणि रतनबाईच्या बाजूला असलेली चार माणसंही पंचांकडे सरकली.

रतनबाईच्या हातचा झाडू त्यांनी काढून घेतला आहे. आडावर ती गेली की बाकीच्या घागरी उचलून चालू लागतात. येत्या रविवारी पंच पुन्हा बसणार आहेत. जिच्यावर आळ आहे तिची शपथ पंच धरत नाहीत; तोवर तिच्या बाजूने दुसऱ्या कोणी भंडार उचलला नाही तर तिने गाव सोडायचं. जाणार कुठे, हे कोणी विचारत नाही.

शेवटी हट्ट सोडून मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, उचलतो मी भंडार. हळदच तर आहे. तर तीच माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "नगा गुरुजी. मनात देव न्हाई आन हात भंडाराला, ह्ये लई वंगाळ. माज्यापायी देवाची चेष्टा नगं. मी जाईन गाव सोडून." डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. ज्या देवाच्या नावाने तिला हाकलताहेत, त्याचाच मान ती राखते आहे, आणि माझा हात तिलाही चालत नाही.

मग पाटलांना विचारलं, माझ्या बायकोने उचलला तर? म्हणाले, "मास्तरीणबाईंचा चालंल. त्या देवाच्या हायेत." म्हणून हे पत्र. मला देव आजही पटलेला नाही, आणि तू देवाच्या धाकाने खरं बोलतेस असंही मी कधी मानणार नाही. देव नसता तरी तू रतनबाईसाठी उभी राहिलीच असतीस. पण हे पंचांना सांगून उपयोग नाही. अंगात ताकद असेल तर रविवारच्या आत भावाला घेऊन ये. मी वेशीपाशी उभा राहीन. देवळात तू भंडार उचल आणि जे पाहिलंस ते सांग. मग तुझ्या कपाळाला जो भंडार लागेल, तो घेऊनच घरी ये. मी तो पुसणार नाही.

तुझाच,
सुमंत