शनिवारची होडी

धाकटी डहाणू,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. कविता हिस आईचे अनेक आशीर्वाद. महालक्ष्मीमातेच्या कृपेने सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. खुशाल आहोत असं मात्र लिहीत नाही.

तिकडून आलेल्या सरावलीच्या प्रविणबरोबर पाठवलेली पिशवी पोचली. बाबांना लोकरीची टोपी एक, बिस्किटांचा डबा एक (झाकण चेपलेलं), चहाची पाकिटं दोन, काचेच्या चौकटीतला फोटो एक. सरावलीला जाऊन-येऊन रिक्षाचे ऐंशी रुपये झाले आणि प्रविणच्या आईकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून घोलवडचे चिकू घेतले, शंभरचे.

टोपी बाबांनी भर उन्हात डोक्यावर चढवली. तेवढं कौतुक पुरे नव्हतं का? फोटो कशाला पाठवलास? बघते तर माझी लेक अर्ध्या चड्डीत होडीत बसलेली, हातात वल्हं, आणि दात काढून हसते आहे. फोटोच्या पाठीवर लिहिलंस की दर शनिवारी कॉलेजच्या क्लबातून नदीवर जातेस. तुला शिकायला पाठवलं की वल्हवायला? वल्हीच मारायची होती तर इथली खाडी काय आटली होती?

आपल्या घरातली बाई बोटीवर पाय ठेवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नारळ वाहिला तो काठावरून, हळदकुंकू लावलं ते हात लांबवून. तुला माहीत नाही असं नाही. सहावीत असताना बोटीच्या शिडीला हात घातलास तेव्हा माझ्याच हातचा मार खाल्लास.

फोटो लाहूकाकांनी पाहिला. बोटीत निम्मा हिस्सा त्यांचा, त्यांच्यापासून काय लपवणार? त्याआधी जाळं दोनदा रिकामं आलं होतं, मग खाली कशाततरी अडकून फाटलं. आता ते म्हणतात, कारण सापडलं. खलाशांच्या डोक्यातही तेच भरवलंय. बोट खाडीत चिखलावर उभी आहे आणि बाबा ओट्यावर बसून आहेत. काकांचं म्हणणं एवढंच, की पोरीने होडी सोडली असं तिच्या अक्षरात लिहून येऊ दे, मी खलाशांना वाचून दाखवतो, मग बोट दर्यात.

तेव्हा फोन करू नकोस. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस. दोन ओळी लिही, खाली सही कर. शनिवारी झोप काढ, रविवारी देवाचं नाव घे. रागावले आहे म्हणून माया आटली असं समजू नकोस, पण आज राग जास्त आहे.

तुझी आई,
वेणू


कॉर्क, आयर्लंड,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस कविताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तू रागावली आहेस हे पाकीट फोडण्याआधीच कळलं. पत्त्यावर पेन इतकं दाबलं होतंस की मागून हाताला लागत होतं.

दोन ओळी मागितल्यास, त्या लिहिणार नाही. माझा शनिवार-रविवार कसा जातो ते लिहिते. रविवारी तळघरातल्या मशीनमध्ये नाणी टाकून कपडे धुते. आठवड्याची डाळ एकदम शिजवून डबे भरून ठेवते. दुपारी लायब्ररी. संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावता येत नाही, धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत रस्त्यावर येते. म्हणून नुसते हात जोडते. आठवडाभर माझ्याशी कुणी मराठीत बोलत नाही. शनिवारी सकाळी नदीला भरती येते, चिखलाचा वास सुटतो, तेवढ्यापुरतं घरी आल्यासारखं वाटतं. तेवढंच सोड म्हणतेस.

पहिल्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईने विचारलं, की आधी बोटीत कोण बसलंय. ज्यांच्या गावाला समुद्र नाही अशा मुलींनीही हात वर केले. मी नाही केला. मग घरी काय करतात म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की आमची मासेमारीची बोट आहे, तिच्या केबिनवर माझं नाव रंगवलंय. सगळ्या हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करते. आई, त्या दिवशी मला तुम्हा सगळ्यांचा राग आला, तो अजून उतरलेला नाही. खाडी आटली होती का म्हणून विचारतेस. आटली नव्हती, मला बंद होती.

काकांना एक सांग. मी होडीत बसते ती सप्टेंबरपासून. नवरात्रात जाळं भरून आलं, तूच फोनवर हरखून सांगितलंस. तेव्हा पोरीचा पायगुण असं कुणी म्हटलं का?

बाबांची काळजी वाटते. तुझीही वाटते, पण आज ते लिहायचं मनात नाही. तरी लिहिलं.

तुझीच,
कविता


धाकटी डहाणू,
१ डिसेंबर २०२५

चि. कवितास आशीर्वाद.

उत्तर पोचलं. पोस्टमनने सही घेतली, पैसे पडले नाहीत, तेवढंच बरं. आईला असं लिहितात? वाचून मी पत्र डाळीच्या डब्यामागे कोंबलं आणि काकांना सांगितलं की पोरगी ऐकत नाही, लिहून देत नाही. ते म्हणाले, मग बोटीवर तिचं नाव तरी कशाला.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी घट मांडून बसले होते. शेजारची चिमी धावत आली, म्हणाली की लाहूभाऊ केबिनवरचं नाव पत्र्याने खरवडतायत. पूजा तशीच टाकून मी चिखलातून धावले. तुझ्या नावातला क गेलाच होता. मी शिडीने वर गेले, त्यांच्या हातातला पत्रा हिसकावला आणि विचारलं, की नवरात्रात जाळं भरलं तेव्हा ही कुठे होती? तेव्हा काढलंत का हिचं नाव? आयुष्यात पहिल्यांदा दिराला तोंड वर करून बोलले. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग मीही खाली बघितलं. मी बोटीवर उभी होते, उपाशीपोटी, घोट्यापर्यंत चिखलाने भरलेली.

देवीची क्षमा मागितली. पण उतरले नाही. उतरले असते तर त्यांनी उरलेलं नाव खरवडलं असतं.

आपला जुना खलाशी, उधव्याचा काळ्या, तो हसतच सुटला. म्हणाला, की वहिनी, आता कागद कुणाकुणाचा मागवायचा, देवीला काय करायचं ते करू दे, माझ्या घरी पोरं खायला मागतात, मी निघालो. बाबांनी एवढंच विचारलं की भरती कधीची. संध्याकाळी बोट गेली. काका घरी राहिले, अजून बोलत नाहीत.

बोट दर्यातच आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही. भरून आली तर म्हणतील दर्याची कृपा, रिकामी आली तर तुझ्या जोडीला माझंही नाव घेतील. हे तू माझ्यावर आणलंस, आणि त्याचा राग मला आहे. काकांवरही आहे, तो मोठा आहे. होडी सोड असं मी आता म्हणत नाही. छान केलंस असंही म्हणणार नाही.

एक विचारायचं आहे. मी वर असतानाच भरतीचं पाणी खालून लागलं आणि बोट जराशी हलली. मी मटकन खाली बसले. काळ्या म्हणाला, भीती सवयीने जाते. तू पाय कशावर टेकवतेस, नजर कुठे ठेवतेस, आणि पोटात गोळा येतो तो किती दिवसांनी थांबतो, ते सगळं उलट टपाली कळव. फोनवर नको, इथे सगळे ऐकतात.

तुझी आई,
वेणू