सात बोल्ट उरले

प्रिय दादा,

बाबांची गाडी न्यायला तू पाठवलेला भंगारवाला आज आला होता. "ताई, हिच्यात उरलंय काय?" म्हणाला. चहा पाजून त्याला वाटेला लावला.

महिनाभर हौसेनं इंजिन खोललं, पण कुठला बोल्ट कुठला हे लिहून ठेवायची अक्कल नंतर आली. जोडलं, तर सात बोल्ट उरले. हस पोटभर. उद्या पुन्हा खोलणार आहे, वही घेऊन.

बाबांनी गाडी चालवायला तुला शिकवलं, माझ्या हातात काच पुसायचं फडकं दिलं. रंग लालभडक देणार आहे, तुला आवडत नाही म्हणूनच.

हे पत्र पाठवत नाही. गाडीच घेऊन येईन. हॉर्न वाजला की फडकं घेऊन बाहेर ये.

तुझी हट्टी,
धाकटी